मुदतीआधी मोडल्यास

आम्ही शिकायला होतो त्या वर्षांत लातुरात खडा भिरकावला तर तो एखाद्या सरांनाच लागायचा. फिजिक्सचे सर, मॅथ्सचे सर, नुसत्या ऑरगॅनिक केमिस्ट्रीचे वेगळे सर. चौकाचौकांतल्या फलकांवर सगळ्यांचे हाताची घडी घातलेले फोटो. आमचे घरमालकही सरच, पण त्यांचा फोटो कुठल्या फलकावर नव्हता. जिल्हा परिषदेच्या शाळेत मराठी आणि नागरिकशास्त्र शिकवून निवृत्त झालेला माणूस. वरच्या मजल्यावर चार खोल्या काढल्या होत्या आणि त्यांत आम्ही अकरा मुली राहत होतो. गल्लीत त्यांना ‘कलमवाले सर’ म्हणत. तोंडावर कुणी म्हणत नसे, पण त्यांना ते ठाऊक होतं आणि त्यांची त्याला हरकतही नव्हती.

छापलेली कुठलीही गोष्ट ते वाचल्याशिवाय सोडत नसत. एसटीच्या तिकिटाची मागची बाजू वाचत. फरसाण बांधून आलेला कागद वाचत. औषधाच्या खोक्यातली ती बारीक अक्षरांची चिठ्ठी उजेडाला धरून शेवटपर्यंत वाचत आणि मग गोळी घ्यायची की नाही ते ठरवत. बहुधा घेत नसत. लग्नपत्रिकेवर ‘कृपया आहेर आणू नये’ असं असेल तर हे खरोखरच हात हलवत जात. अख्ख्या मांडवात तसं करणारे ते एकटेच असल्यामुळे यजमानाचं तोंड वाकडं व्हायचं. काकू वैतागायच्या, तर हे शांतपणे म्हणायचे, “पाळायचं नव्हतं तर छापायचं कशाला?”

शर्टाच्या खिशाला दोन पेनं. निळं खुणा करायला, काळं सहीला. सही म्हणजे पूर्ण नाव, तीन शब्द, देवनागरीत, शाळेच्या फळ्यावर लिहावं तसं. सहीला ते ‘दस्तखत’ म्हणत, मराठवाड्यातल्या जुन्या माणसांसारखं. “दस्तखत परक्याला वाचता आलं पायजे. कोंबडीनं पाय ओढल्यावानी दस्तखत एक तर चोर करतो न्हाई तर डॉक्टर,” असं ते डॉक्टर व्हायला आलेल्या आम्हा अकरा जणींना बसवून सांगत.

काकूंचं एक ठरलेलं गाऱ्हाणं होतं. “आमच्या लग्नात बी यांनी प्रतिज्ञा म्हणायच्या आधी कागद मागून घेतला. मी हार घेऊन उभी. मान्सं म्हनू लागली, नवरदेव फिरला की काय.” त्यावर सर वर्तमानपत्रातून मान वर न करता म्हणत, “वाचून केलं म्हणून टिकून राहिलो. न वाचता केलेल्यांचं बघ काय चाललंय.” मग काकू गल्लीतली न वाचता झालेली लग्नं मोजू लागत आणि जेवण लांबत जाई.

मी हदगावची. तिथल्या तहसील कचेरीत बाबा कारकून होते. अकरावीला खोली बघायला आम्ही दोघं आलो, तेव्हा काकूंनी पाण्याचे पेले आणून ठेवले आणि बाबांनी पेल्याला हात लावायच्या आधी चौकशी सुरू केली. आमच्याकडे ही चौकशी सरळ करत नाहीत. आधी गाव विचारतात, मग गावातली आळी, मग “म्हणजे तुम्ही कोणत्यातले?” सरांनी बाबांना दुसरी पायरी चढूच दिली नाही. म्हणाले, “आम्ही बौद्ध. पाणी नळाचं हाय, नळ नगरपालिकेचा. प्यायचं का न्हाई ते तुमी ठरवा. खोलीचं मात्र आजच सांगा, सांजच्याला दुसरे येऊन राहिलेत.”

बाबांनी पाणी प्यायलं. तहान लागली होती की लाज वाटली, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. खोली घेतली, कारण मुली ठेवायला त्या भागात सरांच्या घरासारखं नावाजलेलं दुसरं घर नव्हतं. गावी मात्र बरीच वर्षं ‘एका मास्तरांकडे’ एवढंच सांगितलं जायचं. मी तेव्हा त्यात काही वावगं मानलं नाही, हेही इथं कबूल केलं पाहिजे.

त्या वेळी आमच्या घरचे फोन कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवर यायचे. बूथवाला गल्लीत शिरून हाळी घालायचा, आणि ज्या मुलीचा फोन असेल ती जिने उतरून पोचेपर्यंत लाइन कटलेली असायची. सरांना खटकत होतं ते वेगळंच. बूथवाल्याला अकराही घरांतली भांडणं, दुखणी आणि स्थळं तोंडपाठ होती. “पोरींच्या घरची गोष्ट बाजारात कशाला?” असं म्हणून सरांनी मोबाइल घ्यायचं ठरवलं. आमच्या गल्लीतला तो पहिला मोबाइल.

तेव्हा नवीन टूम निघाली होती. हातात फोन फुकट मिळायचा, आणि त्याबदली तीन वर्षं त्याच कंपनीचं बिल भरायचं असा करार करावा लागायचा. फोन विकायला आलेला माणूस सरांचाच जुना विद्यार्थी होता. बाकीची गिऱ्हाइकं फुली मारलेल्या जागी सही करून दहा मिनिटांत फोन खिशात घालत. सरांनी चार पानांचा अर्ज घरी आणला आणि तीन संध्याकाळी आमच्या जेवणाच्या वेळी तो मोठ्यानं वाचला. इंग्रजी होता, त्यामुळे अडलेला शब्द आम्ही डिक्शनरीत शोधून द्यायचा असा नियम झाला. भाकरीचा तुकडा हातात आणि डिक्शनरी मांडीवर, असं आम्ही जेवलो.

तिसऱ्या पानावर ते थांबले. तिथं लिहिलं होतं की, ग्राहकाने मुदतीआधी कोणत्याही कारणास्तव सेवा बंद केल्यास त्याने दंड भरावा. सरांनी निळ्या पेनानं खूण केली आणि विद्यार्थ्याला बोलावून विचारलं, “हे काय रे?”

“सर, ते असंच राहतं. त्येच्याकडं कोणी बघत न्हाई.”

“असंच राहतं तर शाई कशाला घालवली?” सर म्हणाले. मग बराच वेळ विचार करून काळं पेन काढलं. “बरं. आपल्याला कुठं मधे सोडायचंय?” आणि तीन शब्दांची सही केली.

फोनला रेंज फक्त गच्चीवर, पाण्याच्या टाकीजवळच्या एका कोपऱ्यात यायची. मग वार ठरले. माझा मंगळवार. मंगळवारी संध्याकाळी मी टाकीला टेकून उभी राहायची आणि हदगावाहून शेजाऱ्यांच्या फोनवरून आई बोलायची. सर जिन्याच्या वरच्या पायरीवर आमच्याकडे पाठ करून बसत, म्हणजे मधेच कुणी गच्चीवर येऊ नये. आणि आमचं बोलणं आपल्याही कानावर पडू नये म्हणून तेवढा वेळ वर्तमानपत्र मोठ्यानं वाचत. मी आईजवळ रडत असायची आणि मागे तुरीचे आणि सोयाबीनचे भाव चालू असायचे. आई विचारायची, “बाजारात उभी राहून बोलून राहिली का?”

वर्ष सरलं आणि उन्हाळ्यात त्या कोपऱ्यातलीही रेंज गेली. टाकीवर चढलं तरी फोन मुका. सरांनी तक्रारी केल्या, वाट पाहिली आणि शेवटी मुख्य रस्त्यावरच्या फोनच्या ऑफिसात गेले. इंग्रजी कागद वाचायला मी आणि माझी खोलीतली मैत्रीण बरोबर. काउंटरवरच्या मुलीनं अदबीनं सांगितलं, “काका, बंद करता येईल, पण तीन वर्षं झाली नाहीत. मुदतीआधीचा चार्ज लागेल.”

“रेंज तुमची गेली. दंड मला का?”

“सिस्टिममध्ये तसंच येतं, काका.”

“मग कारण लिहून द्या. ह्या मान्साला ह्या कारणासाठी दंड लावला, असं. दस्तखत करा. मी भरतो.”

तिला तसं लिहून देता येईना. सर दुसऱ्या दिवशी गेले, तिसऱ्या दिवशी गेले. बाकावर बसून करार पहिल्या कलमापासून वाचायला लागायचे, मोठ्यानं, आणि रांगेतली माणसं ऐकायची. एक-दोघांनी आपापले अर्ज घरून आणून त्यांच्याकडून वाचून घेतले. नवीन फोन घ्यायला आलेला एक गृहस्थ पहिली दोन-तीन कलमं ऐकूनच परत गेला. टाय लावलेले साहेब आतून बाहेर यायला लागले आणि परत आत जायला लागले.

चौथ्या दिवशी वाचता वाचता सर ‘कोणत्याही कारणास्तव’ या शब्दांवर येऊन थांबले. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. निळी खूण त्यांचीच होती आणि खालची सहीही त्यांचीच. उठून काउंटरपाशी गेले आणि म्हणाले, “घ्या दंड. माझं चुकलं.”

साहेबांना आनंद झाला असावा. ते म्हणाले, “काका, तुम्ही ज्येष्ठ आहात. अर्धाच भरा, मी वर बोलतो.”

“मी अर्धं दस्तखत केलं व्हतं का?” सरांनी विचारलं, आणि पूर्ण भरला.

घरी येताना रिक्षात आम्ही दोघी चिडलेल्या होतो. चार दिवस ज्या माणसामागे आम्ही छाती काढून उभ्या होतो तो शेवटी पैसे भरून मोकळा झाला, याचाच राग आला होता. मी तसं काकूंना बोलूनही दाखवलं. काकू ज्वारी निवडत होत्या. त्या म्हणाल्या, “तुला भूकंपाच्या वक्ताचं ठावं न्हाई म्हनून बोलून राहिलीस.”

भूकंपाला तेव्हा दहा-अकरा वर्षं झाली होती. सर औसा तालुक्यातल्या एका गावात शिकवायला होते आणि गणपतीच्या सुट्टीत लातूरला आले होते म्हणून वाचले. त्यांच्या शाळेची एक भिंत तेवढी उरली; हजेरीपटातली किती नावं उरली ते सर कधी सांगत नसत आणि काकूंनीही सांगितलं नाही. पुढं पत्र्याच्या शेडमध्ये माणसं राहायला लागली आणि मदतीबरोबर कागदही यायला लागले. ह्याचा कागद, त्याचा कागद. प्रत्येकाला अंगठा हवा. सरांनी एकाच्या हातातला कागद वाचला, तर कुठल्याशा ठेकेदाराच्या माणसानं ‘घर पूर्ण बांधून मिळाले’ असं आधीच लिहून आणलं होतं. घराचा अजून पायाही खणला नव्हता आणि निम्म्या गावाचे अंगठे झाले होते.

त्या दिवसापासून सर शेडच्या तोंडाशी एक बादली आणि साबणाची वडी घेऊन बसायला लागले. ज्याच्या अंगठ्याला शाई दिसेल त्याला आधी अंगठा धुवायला लावायचे, मग कागद वाचून दाखवायचे. रोज शेडमधली शाळा सुटली की हेच काम. एक म्हातारी त्यांना म्हणाली होती, “मास्तर, घर पडलं, मान्सं गेली, आता वाचून काय व्हतंय?” सर तिला म्हणाले, “माय, घर पडणार ते कुठं लिहिलेलं नव्हतं, म्हणून वाचता आलं न्हाई. हे लिहिलंय.” पुढं त्याच म्हातारीला त्यांनी सही शिकवली. तिच्या पाठोपाठ बाकीच्या बायका आल्या. फोन विकणारा तो विद्यार्थी त्या म्हातारीचा नातू.

“शंभर मान्सांना सांगितलं की दस्तखत वाचून करा आन केलं की पाळा,” काकू म्हणाल्या. “आता सोताची बारी आली तवा पळतील का?”

 त्या दिवसापासून सरांकडे बघायची माझी नजर बदलली. फलकावर फोटो नसलेल्या ह्या माणसाच्या घरात आपण राहतो याचा मला तेव्हापासून अभिमान वाटतो, आणि सर आता नाहीत तरी तो तसाच आहे.

दंड भरून आल्यावर दोन-तीन दिवस सर तो करारच पुढ्यात घेऊन बसलेले. आम्हाला वाटलं, मनाला लागलंय. तर एका संध्याकाळी म्हणतात कसे, “कंपनी हुशार हाय हो. मधे सोडायला किंमत लावली की मानूस धा डाव इचार करतो. पोरींच्या बापांना असं काही लावलं पायजे.”

याला कारण होतं. दर वर्षी आमच्यातली एखादी मुलगी परीक्षेच्या आधीच जायची. दिवाळीला म्हणून घरी न्यायचे आणि मग खोलीतली गादी आणि ट्रंक न्यायला फक्त भाऊ यायचा. आदल्याच वर्षी निलंग्याची एक अशीच गेली होती. गणितात आम्हा सगळ्यांच्या पुढची. तिची वही सरांनी बरेच दिवस कपाटावर ठेवली होती.

बारावीच्या जूनमध्ये नवा करारनामा झाला. बाँड पेपरवर, सरांच्या अक्षरात. भाडं, पाणी, परत यायची वेळ हे नेहमीचंच होतं. नववं कलम नवं होतं: मुलीस परीक्षेपूर्वी कोणत्याही कारणास्तव कायमचे नेल्यास पालकाने नेण्याचे कारण स्वहस्ते लिहून, मुलीसमोर मोठ्याने वाचून, खाली सही करून ते तिच्या हाती द्यावे. सर प्रत्येक बापाला सगळी कलमं मोठ्यानं वाचायला लावत. आमच्या बाबांचा सगळा जन्म अर्ज आणि दाखले लिहिण्यात गेलेला. त्यांनी भरभर वाचून काढलं आणि हसले.

“एवढाच दंड? पैसे न्हाई?”

“पैसे लई सोपे पडतात,” सर म्हणाले. “करा दस्तखत.”

संक्रांत होऊन गेली होती. सकाळच्या क्लासवरून आले तर ओसरीत बाबा आणि मामा बसलेले. मला वाटलं, आईनं तिळगूळ पाठवला असेल. मामा माझ्याकडे बघून गालातल्या गालात हसत होता आणि बाबा माझ्याकडे बघत नव्हते. हदगावातलंच स्थळ होतं. मुलगा सरकारी नोकरीत, घर मोठं, मागणं काही नाही. बैठक होऊन सुपारीही फुटली होती. लग्न महिन्याच्या आत उरकायचं, कारण मुलाची आजी अंथरुणाला खिळलेली. लहानपणी टायफॉइडनं माझं एक वर्ष गेलेलं, त्यामुळे मला अठरा पुरी झाली होती, आणि ते बाबांनी सरांना दोनदा सांगितलं. “परीक्षा काय, ऑक्टोबरात बी देता येते,” ते म्हणाले.

 मी दाराच्या चौकटीला धरून उभी राहिले. वर जिन्यात दहा मुली येऊन बसल्याचं मला कळत होतं.

सर वाद घालतील असं मला वाटलं. ते आत गेले आणि करारनामा, दोन फूलस्केप कागद आणि काळं पेन घेऊन आले. “लेक तुमची,” ते म्हणाले, “मी अडवणारा कोण? नववं कलम तेवढं पुरं करा.”

मामा हसला. बाबांनीही पेन उघडलं. दिवसाला वीस कारणं लिहिणारा माणूस. एका दमात ओळ लिहून मोकळे झाले.

“वाचा मोठ्यानं.”

“घरगुती अडचणीमुळे मुलीस नेत आहे,” बाबांनी वाचलं.

“अडचण कोणती?” सरांनी विचारलं. “म्हंजे घरात कोण अडचण हाय? नाव लिवा.”

 बाबांनी ओळ खोडली. जरा वेळानं दुसरी लिहिली आणि वाचली, “स्थळ चांगले आहे.”

“ते मुलाचं झालं. करार मुलीचा हाय.”

“दाजी, चला उठा,” मामा चिडून म्हणाला. “कागदाचं काय घिऊन बसले. ट्रंक मी आणतो.”

बाबा उठले नाहीत. कागदाकडे बघत बसले. कचेरीत लोकांची कारणं लिहून देताना बाबांचं पेन अडलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. मला त्यांची दया यायला लागली आणि त्याच वेळी इतका राग आला की माझा आवाज मलाच ओळखू येईना. मी म्हणाले, “बाबा, जे खरं असेल ते लिहा. मी कायम जवळ ठेवीन. उद्या मला कुणी विचारलं तर दाखवायला पाहिजे.”

बाबांनी तेव्हा पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. मग खाली बघून पुष्कळ वेळानं काहीतरी लिहिलं. सरांनी आठवण करून द्यायच्या आधीच वाचलं. “मुलगी बारावीत आहे.” एवढंच लिहिलं होतं.

“हे न्यायचं कारण न्हाई,” सर हळू म्हणाले. “हे ठेवायचं कारण हाय.”

बाबांनी पेनाचं टोपण लावलं. मामा ताडकन उठून बाहेर गेला. काकूंनी आतून पाणी आणलं, ते बाबांनी घटाघटा प्यायलं आणि सरांना म्हणाले, “सुपारी फुटलीय, सर. चार मान्सांत शब्द दिलाय. आता त्या लोकांना काय सांगू?”

सर आत गेले. बाहेर आले ते इस्त्रीचा शर्ट घालून, हातात पिशवी घेऊन. काकूंना म्हणाले, “मी उद्या येतो.” आणि बाबांना म्हणाले, “चला. नांदेडची गाडी लागली असंल.”

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते परत आले. आम्ही सगळ्या जिन्यात. मी काही विचारायच्या आधीच त्यांनी मला विचारलं, “फिजिक्सचा तुझा तो राहिलेला धडा झाला का?” मी नाही म्हटलं. “मग इथं काय करून राहिलीस?” असं म्हणून ते हातपाय धुवायला गेले. हदगावला काय झालं ते त्यांनी मला कधीच सांगितलं नाही.

मी परीक्षा दिली. डॉक्टर झाले नाही. लातूरला जाऊन डॉक्टर न झालेल्यांची जमात मोठी आहे आणि मी तिच्यात सुखानं नांदते. नांदेडला सरकारी दवाखान्यात औषधं देते. पण हे पुढचं. शेवटचा पेपर झाल्यावर बाबा मला न्यायला आले, सरांच्या आणि काकूंच्या पाया पडून, ट्रंक एसटीच्या टपावर टाकून आम्ही निघालो. चाकूर मागे पडल्यावर बाबा आपणहून बोलायला लागले.

“मुलाच्या घरी आम्ही दोघंच गेलो. मामा आला न्हाई. मी म्हटलं, पोरीची परीक्षा हाय, थांबत असाल तर थांबा, न्हाई तर माफ करा. ते भडकले. भडकणारच. सर म्हणाले, ह्यांना मी माघार घ्यायला लावली, जे बोलायचं ते मला बी बोला. मग त्यांनी सरांना विचारलं, तुम्ही कोण, कोणत्या गावचे. सरांनी सांगून टाकलं, जसं मला सांगितलं होतं तसं. पुढचं त्यांनी जे काढलं ते मी तुला सांगत न्हाई. चहा आला तो माझ्या एकट्यापुढं ठेवला. मी घेतला न्हाई. मी उठायला लागलो तर सरांनी हाताला धरून बसवलं. हळूच म्हणाले, शब्द आपण मोडलाय. त्यांचं बोलून पुरं होऊ द्या, मधे उठायचं न्हाई. दोन घंटे बसलो, पोरी. ते थकले तेव्हा सरांनी हात जोडले, मी बी जोडले, आन बाहेर आलो.”

मी त्यांचा हात धरला. असं आमच्या घरात कुणी करत नाही, पण मी धरला आणि त्यांनी तो सोडवून घेतला नाही.

“रात्री सर आपल्याच घरी राह्यले. तुझ्या आईनं माझ्या शेजारी त्यांचं ताट वाढलं,” बाबा म्हणाले. “सकाळी त्यांना गाडीला बसवायला स्टँडवर गेलो. मला रडू येत होतं. वाटलं, काही धीर देतील. तर खिडकीतून मला विचारतात, पोरीच्या परीक्षेला किती दिवस राहिले? मला सांगता येईना. बाप असून सांगता येईना. त्यांना पाठ होतं. म्हणाले, एक्केचाळीस होते. कालचा तुमच्या-माझ्या कामात गेला, चाळीस धरा.”